एंडॉर्समेंट क्रमांक १

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद



आपली माझी ओळख नाही, पण आपल्या कार्यालयाचा परवाना पुष्कळ वर्षे माझ्या पाकिटात होता. मोटर सर्व्हेअर म्हणून मी सावंतवाडी, कुडाळ, बांदा आणि घाटावर आजऱ्यापर्यंत ठोकलेल्या गाड्या पाहत हिंडलो. चेपलेल्या बॉनेटचे फोटो काढायचे, गॅरेजवाल्याच्या एस्टिमेटमधली हवा काढायची आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझे काम. आता निवृत्त आहे. हे पत्र तक्रारीचे म्हणावे तर माझे एका पैशाचे नुकसान झालेले नाही. गेल्या वर्षी एका दुपारी तीन तास ते व्हायचे राहिले, त्याबद्दल लिहितो आहे. आणि खुले अशासाठी लिहितो, की ज्यांचे नुकसान खरोखर होऊ शकते त्यांच्याही वाचनात ते यावे.

मुलगी सॅन डिएगोला असते. आम्ही दोघे सहा आठवडे तिच्याकडे गेलो होतो. ती आणि जावई कामावर गेले की आम्ही घरात भिंतींशी बोलत बसणार, म्हणून मी आठवड्यासाठी भाड्याची गाडी घेतली. एके दिवशी बायकोला सीमेलगतच्या मोठ्या आउटलेट मॉलमध्ये जायचे होते. सॅन डिएगोहून इंटरस्टेट ५ हा महामार्ग सरळ दक्षिणेला जातो आणि पंचवीसेक किलोमीटरवर सॅन इसिड्रोला संपतो. तो जिथे संपतो तिथे मेक्सिको सुरू होतो. त्याआधीचा फाटा कामिनो दे ला प्लाझाचा. अमेरिकेतला हा शेवटचा फाटा, अशी तिथे भली मोठी पाटी आहे. मी ती वाचली. वाचली तेव्हा मी डावीकडच्या लेनमध्ये होतो आणि उजवीकडे गाड्यांची रांग लागलेली होती.

आमच्याकडे पत्रादेवीचा नाका चुकून ओलांडला, तर माणूस गोव्यात थोडे पुढे जाऊन गाडी वळवतो, फार तर स्वस्तातले पेट्रोल भरून येतो. इथे वळायला जागा मिळाली नाही. गाड्यांच्या ओघात आम्हीही सरकलो. कोणी हात दाखवला नाही, पासपोर्ट मागितला नाही. दोन मिनिटांत पाट्या स्पॅनिश झाल्या.

“अवो, आपण खंय इलंव?” बायकोने विचारले.

“तिहुआनाक,” मी म्हणालो.

व्हिसाची काळजी नव्हती. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि आमचा व्हिसा अनेक वेळा आत-बाहेर करण्याचा होता. बायको निर्धास्त झाली, उलट तिला मजाच वाटू लागली. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेला भाड्याचा करार मी पहिल्या दिवशी अथपासून इतीपर्यंत वाचला होता. ही आमच्या धंद्याची खोड. त्यात स्पष्ट लिहिले होते: गाडी अमेरिका आणि कॅनडात चालवता येईल, लेखी परवानगीशिवाय मेक्सिकोत नेल्यास सर्व संरक्षण रद्द.

सर्व म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगतो. आपल्याला ते ठाऊक आहेच, पण हे पत्र वाचणाऱ्या काकामंडळींना ठाऊक असेलच असे नाही.

अमेरिकन माणूस गाडी भाड्याने घेतो, तेव्हा त्याच्या घरच्या गाडीची पॉलिसी बहुधा त्या भाड्याच्या गाडीलाही लागू होते. म्हणून तिथल्या काउंटरवर भाडे वेगळे आणि विमा वेगळा. परदेशी पाहुण्याच्या घरची गाडी कुडाळच्या पडवीत झाकून ठेवलेली असते; तिची पॉलिसी तिथे कामाची नाही. त्याला दोन वेगळ्या गोष्टी घ्याव्या लागतात. एक म्हणजे भाड्याच्या गाडीलाच इजा झाली तर ती भरून द्यायची जबाबदारी माफ करणारे कलम. दुसरी म्हणजे त्या गाडीने दुसऱ्याला इजा केली तर त्याची भरपाई देणारा वाढीव थर्ड पार्टी विमा, जो काही ठिकाणी १० लाख डॉलरपर्यंत मिळतो. पहिली गोष्ट माणसे घेतात, कारण गाडी डोळ्यांसमोर चकचकीत उभी असते. दुसरी टाळतात, कारण ज्याला धक्का लागणार तो अजून समोर आलेला नसतो.

मी दोन्ही घेतल्या होत्या. सॅन इसिड्रोची रेघ ओलांडली त्या क्षणी दोन्ही गेल्या.

मेक्सिकोत अमेरिकन विमा चालत नाही. तिथल्या फेडरल महामार्गांवर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो मेक्सिकोत परवाना असलेल्या कंपनीचाच लागतो. शिवाय अपघातात कोणाला इजा झाली तर तिथे प्रकरण फौजदारी बाजूने सुरू होते. दोष कोणाचा आणि भरपाई कोण देणार, हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवता येते. म्हणून सीमेवर एकेका दिवसाच्या हिशेबाने ज्या मेक्सिकन पॉलिसी विकल्या जातात, त्यांत पैशांबरोबर वकील आणि जामिनाची हमीही असते. चुकून गेलेल्या माणसाकडे यांतले काहीच नसते. मोबाइलवर घाईने तशी पॉलिसी काढावी म्हटले, तरी भाडेकंपनीची परवानगी नसताना गाडी नेल्याचा करारभंग काही पुसला जात नाही. कित्येक भाडेकंपन्या ही परवानगी देतच नाहीत. ज्या देतात, त्या मेक्सिकन विमा काउंटरवर वेगळे पैसे घेऊन देतात आणि बऱ्याचदा किती आत जायचे त्याचीही हद्द घालतात.

परतीच्या रांगेत आम्ही तीन तास होतो. सॅन इसिड्रोला अमेरिकेकडे जाणाऱ्या चौतीस लेन आहेत आणि त्या सगळ्या भरलेल्या होत्या. रांगेत माणसे चुरो विकतात, ब्लँकेट विकतात, प्लॅस्टरच्या मूर्ती विकतात, गाणी म्हणतात. गणपतीत झाराप तिठ्यावर मुंबईच्या गाड्या तुंबतात तशी गर्दी, फक्त टोपलीत काजूगराऐवजी चुरो. एरवी मी खिडकी खाली करून चार गोष्टी विचारल्या असत्या. त्या दिवशी माझे लक्ष फक्त पुढच्या गाडीच्या बंपरवर आणि मागच्या गाडीच्या दिव्यांवर होते. ब्लँकेटवाला पोरगा दोन गाड्यांमधून आडवा पळे, आणि दर वेळी माझा पाय ब्रेकवर जाई. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या क्लेमवर ‘अटींचा भंग, देय नाही’ असे लिहिले. आता ज्या गाडीचा एकही क्लेम देय झाला नसता, तिच्या स्टिअरिंगवर मी बसलो होतो.

बायकोने चुरो घेतलेच. साखर सीटवर सांडली. त्याचाही मी हिशेब केला.

बूथवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले, मेक्सिकोत काय केलेत म्हणून विचारले. “चुकून गेलो,” म्हटल्यावर तो हसला. असे रोज कोणी ना कोणी येत असावे. गाडीच्या विम्याचा कागद जाताना कोणी मागितला नाही आणि येतानाही नाही. विम्याच्या कागदाची हीच गंमत आहे: तो मागण्याची वेळ येते तेव्हा तो काढण्याची वेळ गेलेली असते.

त्या रांगेत मला एक जुना माणूस आठवत राहिला. फार वर्षांपूर्वी बांद्याच्या अलीकडे एका वळणावर गोव्याची गाडी आंब्याला धडकली होती. चालवणारा युरोपातला पर्यटक. गोव्यात गाडी भाड्याने घेऊन रेडीचा गणपती पाहायला आणि तिथून आंबोलीला निघालेला. तो आणि त्याची बायको सुखरूप होते, गाडीचा चेंदामेंदा. गोव्यात भाड्याने चालवायला देण्याच्या कायदेशीर गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. ह्या गाडीला पांढरी पाटी होती. म्हणजे कोणाची तरी खाजगी गाडी, गुपचूप भाड्याने दिलेली. खाजगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागत नाही, म्हणून गाडीच्या नुकसानीचा क्लेम मी नाकारण्याची शिफारस केली. मालकाने सगळे त्या पर्यटकाच्या गळ्यात घातले. तो मला सारखा विचारत होता, “मला हे कोणी सांगितलं का नाही?” मी त्याला तेव्हा सर्व्हेअर लोक देतात ते उत्तर दिले: कागद वाचायचा असतो. पाटीचा रंग आपल्याकडे एक पूर्ण वाक्य बोलतो, पण ते वाक्य त्याच्या भाषेत नव्हते. हे मला तिहुआनात समजले.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: विमा गाडीचा असतो, आणि तो असतोच. ती चुकीची नाही, आपल्या कायद्यानेच ती रुजवली आहे. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा ठेवला, आणि दुसऱ्याचा मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर त्या विम्यावर पैशांची कमाल मर्यादा ठेवली नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी देते. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साधारणपणे साडेसात लाख रुपयांची. विश्वास बसणार नाही, पण ह्या एका बाबतीत आपण कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहोत. तिथे कायद्याने सक्तीची किमान रक्कम कित्येक दशके एका जखमीमागे १५ हजार डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती एका जखमीमागे ३० हजार, एका अपघातामागे ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार डॉलर झाली. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे बिल ज्याने पाहिले आहे त्याला ३० हजार म्हणजे किती हे सांगायला नको. त्यापुढची रक्कम जखमी माणूस चालकाकडून वसूल करू शकतो.

म्हणजे ‘विमा असतोच’ ही आपली घरची समजूत घेऊन माणूस विमानात बसतो आणि उतरतो तिथे ती निम्मी खोटी असते. मग तो गाडी घेऊन आणखी एक सीमा ओलांडतो आणि ती पूर्ण खोटी होते.

आणि ह्याच माणसाच्या बॅगेत आपल्या प्राधिकरणाच्या अखत्यारीतला एक कागद असतो: ओव्हरसीज ट्रॅव्हल पॉलिसी. माझ्याही बॅगेत होती. तिच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात आजारपण, हरवलेली बॅग, चुकलेले विमान यांच्या रांगेत ‘वैयक्तिक दायित्व’ आणि समोर १ लाख डॉलर असे छापलेले होते. सामान्य माणूस ह्याचा अर्थ काय घेईल? माझ्या हातून कोणाला लागले, तर कंपनी १ लाख डॉलर देईल. बरोबर आहे. फक्त आत कुठेतरी, बारीक टायपात, अपवादांच्या यादीत लिहिलेले असते की यांत्रिक वाहनाच्या वापरातून आलेले दायित्व ह्यात धरलेले नाही. परदेशात प्रवाशाच्या हातून दुसऱ्याला मोठी इजा होण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे असते? चाकामागे. तेवढे सोडून बाकी सगळ्याला हे कलम लागू. छत्री कोणाच्या डोळ्यात गेली तर लागू.

काही कंपन्या हल्ली भाड्याच्या गाडीसाठी म्हणून एक जोड देतात. तीही मी वाचली. भाडेकंपनीच्या विम्यात जो पहिला हिस्सा चालकाने स्वतः भरायचा असतो, तेवढाच ती परत देते. मूळ विमाच रद्द झाला असेल तर परत द्यायला हिस्सा राहतच नाही. आणि नावात ‘गाडी’ आहे म्हटल्यावर घेणारा निश्चिंत होतो, हा तिचा दुसरा दोष.

सगळ्या सीमा सारख्या नसतात, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी विनाकारण घाबरवतो आहे असे होईल. नायगारा पाहायला गेलेला माणूस रेनबो ब्रिजवरून कॅनडात गाडी नेतो तेव्हा अमेरिकन विमा सहसा त्याच्याबरोबर जातो. माझ्याच करारात दोन्ही देशांची नावे शेजारी शेजारी होती. युरोपातल्या देशांनी तर हा प्रश्न आपल्या स्वातंत्र्याच्या जरा नंतर सोडवायला घेतला. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या शिफारशीतून ग्रीन कार्डाची कल्पना आली आणि १९५३ पासून ती चालू आहे. एका देशाच्या गाडीने दुसऱ्या देशात अपघात केला, तर तिथला विमा ब्यूरो भरपाई देतो आणि मग मूळ कंपनीकडून वसूल करतो. युरोपीय संघात आज एका अपघातातल्या सर्व जखमींसाठी किमान ६४ लाख ५० हजार युरोंचे संरक्षण असावे असा दंडक आहे, आणि भाड्याच्या गाडीत थर्ड पार्टी विमा मूळ भाड्यातच येतो. ग्रुप टूर सोडून म्युनिक किंवा मिलानला गाडी घेणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो, की दुसऱ्याच्या नुकसानीची चिंता तिथे कमी आहे, पण भाड्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे कलम कोणत्या देशांत चालते ती यादी कंपनीगणिक बदलते, गाडीच्या मॉडेलप्रमाणेही बदलते. टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा त्यात नसतोच.

आता माझ्या पत्राच्या नावाविषयी. आपल्या मोटर टॅरिफमध्ये मूळ पॉलिसीला जोडायच्या एंडॉर्समेंटची एक क्रमवार यादी आहे. नवीन सर्व्हेअर ती पाठ करतो. त्या यादीतला अगदी पहिला क्रमांक, आयएमटी १, कशाचा आहे? भौगोलिक हद्द वाढवण्याचा. गाडीचा विमा भारतात लागू. ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका किंवा मालदीवला न्यायची असेल, तर ५०० रुपये जादा भरा आणि ही चिठ्ठी जोडून घ्या. मालदीवला गाडी घेऊन कोण जातो हे मला पस्तीस वर्षांत कळले नाही. पण ज्यांनी ती यादी केली त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: मोटर विम्यात पहिला प्रश्न सीमेचा. हेच शहाणपण आपल्या ट्रॅव्हल पॉलिसीच्या फॉर्ममध्ये मला दिसले नाही. तिथे मधुमेह आहे का विचारतात, वय विचारतात, कोणत्या खंडात जाणार विचारतात. गाडी चालवणार का, हे विचारत नाहीत.

मी नवीन विमा मागत नाही. भारतीय कंपनीने मेक्सिकोतला थर्ड पार्टी विमा द्यावा असे मी म्हटले तरी ते होणार नाही, कारण तिथला कायदा तो मान्य करणार नाही. प्रीमियम वाढवून आणखी एक जोडही नको. त्यांची आधीच जत्रा झाली आहे. मला हवे आहेत ते शब्द. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या ग्राहकाला सोप्या भाषेतले माहितीपत्रक द्यायचे आणि त्याने मागितले तर त्याच्या भाषेत द्यायचे, हा आपलाच आदेश आहे. चांगला आदेश आहे. त्यामुळे माझ्या शेजाऱ्याला ‘वेटिंग पीरियड’ म्हणजे काय ते पहिल्यांदा समजले. तसेच ट्रॅव्हल पॉलिसीचे करा. फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला: परदेशात गाडी चालवणार आहात का, आणि ती घेऊन दुसऱ्या देशात जाणार आहात का. उत्तर ‘हो’ असेल तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, वैयक्तिक दायित्वाच्या आकड्याच्या अगदी शेजारी आणि त्याच आकाराच्या टायपात, अपवाद छापायची सक्ती करा.

कंपन्या म्हणतील, ग्राहकाने कागद वाचायला हवा. हे उत्तर मी स्वतः बांद्याच्या रस्त्यावर एका माणसाला दिलेले आहे, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. मी तर करार वाचून, पाटी वाचून, पलीकडे गेलो.

ती ओळ कशी असावी, हे मी लिहून ठेवले आहे. आपल्या अधिकाऱ्यांना सुधारायची असेल तर सुधारावी, फक्त लांबवू नये:

‘परदेशात तुम्ही चालवत असलेल्या गाडीने कोणाला इजा किंवा नुकसान झाले, तर ही पॉलिसी एक पैसाही देणार नाही. तो विमा गाडी भाड्याने घ्याल तिथेच घ्या, आणि दुसऱ्या देशात गाडी नेण्याआधी तो तिथे चालतो का हे लेखी विचारा.’

कळावे.

आपला,
एक निवृत्त मोटर सर्व्हेअर
सावंतवाडी